कोनदार अक्षर : दिसायला नवे, पण वाचायला?

दुकानाचा बोर्ड करून घ्यायला आलेले तरुण गिऱ्हाईक हल्ली मोबाईलवर एखाद्या सिनेमाचे पोस्टर काढून पुढे धरते आणि म्हणते, "चाचा, ऐसा लिखना है. एकदम रोबोट टाईप." पोस्टरवरची अक्षरे चौकोनी, कोपरे छाटलेली, मध्येच एखादी रेघ गायब केलेली अशी असतात. मोबाईल दुरुस्ती, जिम, कॉम्प्युटर क्लास, गाडीच्या सीटकव्हरचे दुकान, केश कर्तनालय, सर्वांना आता हेच अक्षर हवे असते. बोर्ड रंगवणारे, रेडियम कापणारे, अ‍ॅक्रिलिकची व स्टीलची अक्षरे बनवणारे आणि बिलबुके, व्हिजिटिंग कार्डे छापणारे असे आपले पुष्कळ भाई या धंद्यात आहेत. म्हणून या वेळी या पानावर आम्ही या कोनदार अक्षराचा धडा घेत आहोत. ते कुठून आले, त्याचा स्वभाव काय, ते कुठे चालते आणि कुठे धंद्याला बुडवते, हे कारागिराला ठाऊक असले पाहिजे. नाहीतर गिऱ्हाईक मागेल ते करून द्यायचे आणि मग उरलेल्या पैशासाठी त्याच्या दारात उभे राहायचे, अशी पाळी येते.

ही पाळी आमच्यावरही आलेली आहे, ते आधीच सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी एका दुकानदाराने इंग्रजी नावाचा असाच बोर्ड आमच्याकडून करून घेतला. नावाचे पहिले अक्षर 'एस'. कोनदार वळणात आम्ही ते पाच सरळ रेघांत काढले, आणि मधल्या 'ए'ची आडवी रेघ त्याच्या हौसेप्रमाणे काढून टाकली. जमिनीवर ठेवून पाहिला तेव्हा बोर्ड झकास दिसला. दुकानावर चढल्यावर रस्त्यापलीकडून लोक पहिले अक्षर 'पाच' वाचू लागले आणि 'ए'ला कोणी उलटा 'व्ही' म्हणू लागले. दुकानदाराने फोनवर पत्ता सांगावा आणि गिऱ्हाइकाने समोर उभे राहून "दुकान कुठे आहे?" विचारावे! त्याने बाकीची रक्कम अडवली. आम्ही भांडलो, पण मनातून समजलो की चूक आमची होती. त्याने नुसता नखरा मागितला होता. वाचता येणे हा जिम्मा कारागिराचा असतो. अखेर दोन अक्षरे पदरच्या खर्चाने बदलून दिली.

चेकच्या तळाशी पाहा

अक्षरांच्या दोन जाती असतात. एक पोथीचे किंवा बातमीचे अक्षर, जे डोळ्याला जाणवतच नाही, नुसते वाचले जाते. दुसरे मथळ्याचे, बोर्डाचे अक्षर, जे आधी दिसते आणि मग वाचले जाते. कोनदार 'उद्याचे' अक्षर ही या दुसऱ्या जातीतली सर्वात ठसकेबाज औलाद होय. मौज अशी की 'उद्या'चा हा वेष पन्नास-साठ वर्षे जुना आहे.

त्याची एक मुळी तुमच्या खिशातच आहे. बँकेचा चेक काढा आणि तळाची पांढरी पट्टी पाहा. तिथले आकडे विचित्र दिसतात. कुठे रेघ बारीक, कुठे अचानक जाड ठोकळा. या आकड्यांच्या वळणाला ई-१३बी म्हणतात. त्यात दहा आकडे आणि चार खुणा, एवढीच चौदा चिन्हे आहेत. अमेरिकेत १९५०च्या दशकात चेकांचे ढीग हाताने लावणे बँकांना अशक्य होऊ लागले, तेव्हा बँक ऑफ अमेरिकेसाठी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटने जे काम हाती घेतले, त्यातून चुंबकीय शाईने छापलेले आकडे यंत्राने वाचण्याची पद्धत उभी राहिली. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने ती १९८०च्या दशकात आणली. आजही चेकवर नऊ आकड्यांचा कोड असतो. पहिले तीन शहराचे, मधले तीन बँकेचे, शेवटचे तीन शाखेचे. मुंबईचा कोड ४००ने सुरू होतो तो याचमुळे.

हे ठोकळे शोभेसाठी मुळीच नाहीत. आकडा यंत्राच्या डोक्यासमोरून सरकतो तेव्हा शाई कुठे वाढते, कुठे घटते, यावरून विजेची एक लहर उठते. प्रत्येक आकड्याची लहर दुसऱ्याहून वेगळी यावी, म्हणून शाईचे वजन मुद्दाम एका जागी चढवले आहे. म्हणजे हे वळण यंत्रासाठी घडवले गेले. माणसाला ते वाचता येते, एवढीच माणसाची सोय.

पुढे झाले असे की चित्रकारांना हे ठोकळे आवडले. इंग्लंडमध्ये लिओ मॅग्ज यांनी १९६०च्या दशकात 'वेस्टमिन्स्टर' नावाचा टाईप काढला आणि १९७० साली बॉब न्यूमन यांचा 'डेटा ७०' लेट्रासेट कंपनीने विकायला आणला. लेट्रासेट म्हणजे घासून उमटवायच्या अक्षरांचे कागद. आपल्याकडच्या जुन्या आर्टिस्ट मंडळींच्या कपाटात अजून एखादा सापडेल. या टाईपांत चेकच्या आकड्यांचे ठोकळे एबीसीडीच्या सर्व अक्षरांना लावले गेले. आता ही अक्षरे कोणतेच यंत्र वाचणार नव्हते, ठोकळ्याला करण्यासारखे काही काम उरले नव्हते. ती फक्त यंत्राची वर्दी झाली. तरीही पुस्तकांच्या वेष्टनांवर, सिनेमांत, खेळांच्या पेट्यांवर 'कॉम्प्युटर' म्हटले की हेच अक्षर, अशी गाठ बसली. तुमचे गिऱ्हाईक जे मागते आहे ते याच वर्दीचे नातवंड आहे.

हॉलंडच्या उस्तादाचा प्रयोग

या घराण्यातले सर्वात धीट अक्षर हॉलंडचे आहे आणि त्यावर जरा थांबले पाहिजे. विम क्राउवेल हे त्या देशातले नावाजलेले डिझायनर. जन्म १९२८, वफात २०१९. १९६३ साली ॲमस्टरडॅममध्ये 'टोटल डिझाईन' ही संस्था उभारणाऱ्यांत ते होते आणि तिथल्या स्टेडेलिक म्युझियमची पोस्टरे व कॅटलॉग त्यांनी वर्षानुवर्षे केली. १९६५च्या सुमारास जर्मनीत नवे टाईपसेटिंग यंत्र आले, जे शिशाचे खिळे न जुळवता टीव्हीसारख्या पडद्यावर ठिपक्यांनी अक्षर काढत असे. क्राउवेल यांनी त्या यंत्रावर जुन्या सुंदर टाईपांचे जे हाल होत होते ते पाहिले. गोलाईच्या जागी पायऱ्या पडत. तेच अक्षर लहान आकारात एक दिसे, मोठ्यात दुसरे.

आता इथे दोन वाटा होत्या. यंत्र सुधारेपर्यंत थांबणे ही एक. क्राउवेल यांनी दुसरी वाट धरली. यंत्राला गोलाई जमत नाही ना, मग गोलाई नसलेलेच अक्षर करू. १९६७ साली त्यांनी 'न्यू अल्फाबेट' छापून पुढे ठेवला. त्यात फक्त उभ्या आणि आडव्या रेघा. तिरपी रेघ एकही नाही, वळण एकही नाही. जिथे दोन रेघा मिळतात तिथे कोपरा ४५ अंशांत छाटलेला. सर्व अक्षरे एकाच चौकटीच्या जाळीवर बसवलेली, सर्वांची रुंदी एकच. कॅपिटल आणि स्मॉल असा भेद नाही. आपल्याकडच्या कारागिराला हे चटकन समजेल. चौकड्याच्या कागदावर भरतकामाचा नमुना काढतात तसेच हे काम.

जाळी कडक ठेवली की काही अक्षरांचे बळी जातात. 'एम'ला तीन पाय लागतात, 'डब्ल्यू'लाही तसेच. पण सर्वांची रुंदी सारखी ठेवायची तर तिसरा पाय बसणार कुठे? क्राउवेल यांनी 'एन'च्या खाली आडवी रेघ मारली आणि म्हटले, हा 'एम'. 'व्ही'च्या खाली रेघ मारली, तो 'डब्ल्यू'. इतर काही अक्षरे तर किल्लीचे दाते वाटावीत अशी झाली. चावी समोर ठेवल्याशिवाय एक ओळ वाचणे मुश्किल. टीका झालीच. हॉलंडचेच दुसरे मोठे टाईपकार गेरार्ड उंगर यांनी उलट प्रस्ताव छापून सांगितले की यंत्रासाठी अक्षर सोपे करता येईल, पण ते माणसाला वाचता येईल असे ठेवूनच. क्राउवेल यांनीही आपण हा टाईप रोजच्या वापरासाठी केला नाही, एक विचार मांडला, असेच पुढे सांगितले.

मग हा टाईप मेला का? नाही. १९८८ साली इंग्लंडमधल्या 'जॉय डिव्हिजन' या गाण्याच्या टोळीच्या 'सबस्टन्स' या रेकॉर्डच्या वेष्टनावर पीटर सॅव्हिल यांनी तो थोडा बदलून वापरला. जाणकार दाखवतात की मूळ चावीप्रमाणे ती अक्षरे वाचली तर शब्द भलताच होतो. घेणाऱ्यांना त्याची फिकीर नव्हती. १९९७ साली लंडनच्या 'द फाउंड्री'ने तो कॉम्प्युटरवर आणला आणि २०११ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आपल्या संग्रहात घेतलेल्या २३ डिजिटल टाईपांत त्याला जागा मिळाली. वाचता न येणारे अक्षर म्युझियममध्ये गेले! रेकॉर्डच्या वेष्टनाला आणि म्युझियमला ते परवडते. ते घेणाऱ्याला नाव आधीच माहीत असते. दुकानाच्या बोर्डाचे तसे नाही.

आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्या अडचणीपायी क्राउवेल यांनी गोलाई सोडली ती अडचणच काही वर्षांत संपली. यंत्रे सुधारली, ठिपके बारीक झाले, आज मोबाईलच्या पडद्यावरही गोल अक्षर गोलच दिसते. याच्या नेमके उलटे काम उर्दूत झाले. नस्तालीक लिपी यंत्रावर बसत नाही, ती सोडून नस्ख घ्या, असे सल्ले पुष्कळ मिळत. पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडरूपे हाताने लिहून मोनोटाईप कंपनीच्या यंत्राला नस्तालीक शिकवली आणि १९८१ साली 'जंग' हे दैनिक नूरी नस्तालीकमध्ये निघाले. एकाने यंत्रासाठी अक्षर वाकवले, दुसऱ्याने अक्षरासाठी यंत्र वाकवले. त्यात कातिब मंडळींची रोजी गेली, हे दुखणे वेगळे आहे आणि त्यावर लिहायचे तर अख्खे पान लागेल.

चौकोन आणि चौकोनात फरक

कोनदार म्हणजे न वाचता येणारे, असे मात्र समजू नका. इटलीत तुरीन शहरातल्या नेबिओलो या टाईप ओतणाऱ्या कारखान्यात आल्डो नोव्हारेझे यांनी, आधी अलेस्सांद्रो बुत्ती यांच्याबरोबर, १९५२ साली 'मायक्रोग्रामा' आणि पुढे १९६२ साली स्मॉल अक्षरांसह 'युरोस्टाईल' काढला. जुन्या टीव्हीच्या काचेचा आकार आठवा. चौकोन, पण बाजू किंचित फुगलेल्या आणि कोपरे गोल. त्यांचा 'ओ' तसा आहे. १९६८ सालच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी' या सिनेमात अवकाशयानाच्या पडद्यांवर हा टाईप दिसला आणि तेव्हापासून अवकाश म्हटले की युरोस्टाईल, असा शिरस्ता पडला. तो टिकला याचे कारण नोव्हारेझे यांनी फक्त गोलाई चौकोनाकडे ढकलली. रेघ एकही तोडली नाही. 'ए'ची आडवी रेघ जागेवर आहे, 'आर'चा पाय जागेवर आहे, तिरप्या रेघा तिरप्याच आहेत. अलीकडचा 'ऑर्बिट्रॉन', मॅट मॅकइनर्नी यांचा २००९ सालचा, याच घरातला आहे आणि तो फुकट मिळतो, धंद्यातही वापरता येतो.

आपल्या वाचकांना चौकोनी अक्षर परके वाटू नये. कूफी लिपीचा चौकोनी प्रकार इराण आणि मध्य आशियातल्या इमारतींवर शतकांपूर्वीच आला. समरकंदच्या तैमूरी इमारती आजही उभ्या आहेत. तिथे वीट हीच लेखणी होती. वीट चौकोनी, म्हणून अक्षरही चौकोनी. पण तिथे बहुधा अल्लाहचे नाव, रसूलुल्लाहचे नाव, असा मजकूर असे, जो बघणाऱ्याला तोंडपाठ होता. त्याला वाचायचे नव्हते, ओळखायचे होते. 'न्यू अल्फाबेट' आणि चौकोनी कूफी यांची ही गोष्ट सारखीच. मजकूर आधी माहीत असेल तर अक्षर कितीही गुंफा. 'अमुक ऑटो इलेक्ट्रिकल्स' हे कोणाला तोंडपाठ असते?

तेव्हा कारागिराने गिऱ्हाइकाचे पोस्टर हातात घेतले की पाहायचे ते हे. अक्षराची ओळख कोणत्या तुकड्यात आहे? 'ए'ची ओळख आडव्या रेघेत, 'ई' आणि 'एफ'मधला फरक तळाच्या रेघेत, 'एस' आणि पाचमधला फरक वरच्या डाव्या कोपऱ्यात. कॅल्क्युलेटरवर ५ आणि 'एस' एकच दिसतात, २ आणि 'झेड' एकच, ८ आणि 'बी' एकच. तिथे चालते, कारण तिथे फक्त आकडेच येणार हे आपल्याला माहीत असते. ओळखीचा तुकडा सोडून बाकी कुठेही छाटा, चौकोन करा, हरकत नाही. 'एस'चे वरचे कोपरे ४५ अंशांत छाटले आणि पाचाचा कोपरा काटकोनी ठेवला, तर एवढ्यानेही गोंधळ पुष्कळ मिटतो. आम्ही ते बदलून दिलेले अक्षर असेच केले होते.

आता मराठीची बारी

इंग्रजीवर काम भागते, हे दिवस गेले. महाराष्ट्राने २०२२ साली कायदा दुरुस्त केला. दुकानात कामगार कितीही कमी असोत, पाटी मराठीत देवनागरीत हवी आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीच्या अक्षरापेक्षा लहान असता कामा नये. २५ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. त्या दोन महिन्यांत बोर्डवाल्यांना रात्रीची झोप नव्हती, हे आपल्याला आठवत असेलच. घाईत काय झाले, ते कोणत्याही बाजारपेठेतून चक्कर मारली तर दिसते. इंग्रजी नाव झोकदार कोनदार अक्षरात आणि त्याच्या बाजूला मराठी नाव कॉम्प्युटरमध्ये जे पहिले सापडले त्या अक्षरात. जणू नव्या शेरवानीवर दुसऱ्याची टोपी.

देवनागरी कोनदार करणे इंग्रजीहून अवघड आहे. घ आणि ध पाहा. दोहोंमधला फरक ध च्या डोक्यावरच्या गाठीत आणि तुटलेल्या शिरोरेघेत आहे. भ आणि म यांचेही तेच. थ आणि य यांचेही तेच. आता गोल गाठीचा चौकोन केला, तो शिरोरेघेला चिकटला, की 'धनराज'चा 'घनराज' झालाच. म्हणून आमचा नेम असा की गाठ चौकोनी करा, पण ती आणि शिरोरेघ यांमधली मोकळी जागा रेघेच्या जाडीच्या निम्म्याहून कमी ठेवू नका. व आणि ब यांत पोटातली तिरपी रेघ हीच ओळख आहे. क्राउवेलसारखी 'तिरपी रेघ नाही' अशी शपथ इथे घेतली तर ब गेला, ष गेला. तिथे तिरपी रेघ राहू द्यावी. ख मध्ये र आणि व एकमेकांना खाली जोडलेले हवेत, नाहीतर 'खान'चे 'रवान' वाचले जाते. आपल्यात हे आडनाव किती आहे, ते सांगायला नको. ड, ङ, ह, इ ही मंडळी तर पोटात वळणे घेऊनच जन्मलेली. त्यांना सगळेच कोपरे काटकोनी दिले की भूलभुलैया होतो. एखादे वळण छाटलेल्या कोपऱ्याचे, एखादे गोल ठेवावे. नियम मोडला म्हणून कोणी पावती फाडत नाही.

याचे चांगले नमुने तयार आहेत. अहमदाबादच्या इंडियन टाईप फाउंड्रीने २०१४च्या सुमारास 'राजधानी' आणि 'टेको' असे दोन टाईप खुल्या परवान्याने दिले. दोन्हींत देवनागरी आणि इंग्रजी एकाच हाताची आहेत, म्हणजे शेरवानीला टोपी जुळते. राजधानीत बाजू सरळ, कोपरे थोडे गोलसर, यंत्राची शिस्त आहे पण ध ध च राहतो. टेको उंच आणि अरुंद आहे. लांब नाव आखूड बोर्डावर बसवायचे तर तोच उपयोगी. दोन्हींत पाच-पाच जाड्या मिळतात. आमचे मत विचाराल तर बोर्डाला टेकोची मधली जाडी घ्यावी. सर्वात जाड घेतली की लांबून ष आणि ब चे पोट भरून जाते. हे टाईप धंद्यात वापरायला पैसे लागत नाहीत, मग चोरीच्या सीडीतले अक्षर कशाला वापरायचे? एक मात्र पाहा. हे युनिकोडचे टाईप आहेत आणि जुन्या कोरलमध्ये त्यांची जोडाक्षरे व वेलांट्या तुटतात. नाव टाईप केल्यावर कर्व्ह करण्याआधी दोन मराठी वाचणाऱ्या माणसांना दाखवा. 'श्री'चा 'श्‌री' झालेला बोर्ड आम्ही चढलेला पाहिला आहे.

मापाचा हिशेबही वेगळा. समजा बोर्ड ३ फूट उंच आहे. वर-खाली ४-४ इंच सोडले तर २८ इंच उरले. इंग्रजी कॅपिटल अक्षर ते २८ इंच पूर्ण खाते. मराठीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. त्यामुळे मधले अंग टाईपनुसार साधारण १६-१७ इंचांचे राहते. गिऱ्हाईक म्हणते अक्षर सारखेच दिले, पण दिसताना मराठी बारीक दिसते. म्हणून एकाच ओळीत दोन लिप्या नकोत. मराठीला वरची मोठी पट्टी द्या, इंग्रजीला खालची लहान, आणि मराठी अक्षराचे मधले अंग इंग्रजी कॅपिटलच्या उंचीला भिडवा. लांबून वाचण्यासाठी १० फुटांमागे १ इंच हा जुना ठोकताळा आहे. तो या मधल्या अंगाला लावावा, वेलांटीच्या टोकापासून मोजू नये. आणि तो साध्या अक्षराचा ठोकताळा आहे. कोनदार अक्षराला आम्ही दीडपट धरतो.

कारखान्यातला नफा-तोटा

कोनदार अक्षराचा कारागिराला एक मोठा फायदा आहे, तो गिऱ्हाइकाला सांगायची गरज नाही. स्टीलची पट्टी वाकवून अक्षराची बाजू बनवायची तर गोल अक्षराला उस्तादाचा हात लागतो. सरळ अक्षराला खाच मारून कोपरा मोडला की झाले, शिकाऊ पोरगाही करतो. रेडियम कापताना सरळ रेघांची कापणी लवकर होते आणि आतला कचरा काढायलाही वेळ लागत नाही. पण राउटरवर सावध राहा. राउटरचे पाते गोल फिरते, त्यामुळे आतला कोपरा कधीच टोकदार निघत नाही. ६ मिलिमीटरचे पाते असेल तर आतल्या कोपऱ्यात ३ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई राहतेच. बाहेरचा कोपरा मात्र तलवारीसारखा येतो. मोठ्या अक्षरात हे दिसत नाही. ४-५ इंची अक्षरात रेघच १२-१५ मिलिमीटरची असते, तिथे आतून गोल, बाहेरून टोकदार असे अक्षर अर्धवट कापल्यासारखे वाटते. लहान अक्षरे लेसरवर द्या, किंवा बाहेरचे कोपरेही मुद्दाम तेवढेच गोल करा.

आतून एलईडी लावायची असेल तर दुसरी अडचण. छाटलेल्या टोकाशी मॉड्यूल बसत नाही आणि कोपरा काळा राहतो. दिवसा 'ई' दिसणारे अक्षर रात्री 'सी' होते. रेघ मॉड्यूलच्या रुंदीच्या दुपटीहून अरुंद असेल तर आम्ही आतून उजेड देतच नाही, मागून भिंतीवर पडणारा उजेड देतो. तो कोनदार अक्षराला शोभतोही जास्त.

भावाची गोष्ट नाजूक आहे. बहुतेक ठिकाणी अक्षर उंचीच्या इंचाच्या भावाने विकले जाते. इंग्रजीला तो हिशेब बसतो. मराठीत 'कि'ची उंची कोणती धरायची? जोडाक्षर एक धरायचे की दोन? हे आधी कागदावर लिहून सही घ्या. आम्ही वेलांटीसकट पूर्ण उंची धरतो आणि जोडाक्षर एकच मोजतो. दुसरा कोणी वेगळे धरत असेल, हरकत नाही, पण काम सुरू होण्याआधी ठरले पाहिजे.

आणि बोर्ड कापण्याआधी नाव साध्या कागदावर काळ्या शाईत छापा. अंतराच्या प्रमाणात, म्हणजे रस्ता ६० फुटांचा असेल आणि खरे अक्षर १२ इंचांचे करायचे असेल तर कागदावर २ इंची अक्षर काढून १० फुटांवर भिंतीला लावा. मग ज्याने ते नाव पूर्वी ऐकलेले नाही अशा माणसाला बोलवा. चहावाला पोऱ्या सर्वात उत्तम. त्याला मोठ्याने वाचायला सांगा, आणि त्या वेळी गिऱ्हाइकाला बाजूला उभे करा. पोऱ्या अडखळला तर गिऱ्हाईक स्वतःच म्हणते, "चाचा, वो लकीर वापस डाल दो."